वन्य जिवांशी शेजारधर्म

ऑस्ट्रेलियात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाला तेथील वन्य सृष्टीची पहिली ओळख अरण्यात होते असे क्वचितच घडते. दिवे मालवून अंथरुणाला पाठ टेकावी, तोच कौले आणि तक्तपोशी यांच्या मधल्या पोकळीत कोणी तरी जड पावलांनी येरझारा घालीत आहे असे स्पष्ट ऐकू यावे, पाठोपाठ उठलेल्या घोगऱ्या घरघरीने उरात धडकी भरावी, आणि सकाळी शेजाऱ्याकडे चौकशी केल्यावर हा चोर नसून मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा, पोटपिशवीत पिलू वाढवणारा पॉसम नावाचा प्राणी आहे असे समजावे, हा अनुभव सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन या शहरांतील असंख्य कुटुंबांनी घेतलेला आहे.

अशा वेळी घरमालकाच्या मनात येणारा विचार साधा आणि सदय असतो. पिंजरा लावावा, प्राणी पकडावा आणि दूर नदीकाठच्या झाडीत नेऊन सोडून द्यावा. कायदा मात्र त्याला ही मुभा देत नाही. पॉसम हा त्या भूमीचा मूळ रहिवासी असल्यामुळे त्याला संरक्षण आहे. त्याला इजा करणे हा गुन्हा आहे, आणि पकडलेला प्राणी व्हिक्टोरिया राज्यात पन्नास मीटरांच्या आत, तर न्यू साउथ वेल्समध्ये रीतसर परवाना काढून दीडशे मीटरांच्या आत, त्याच दिवशी संध्याकाळी सोडावा लागतो. वरवर पाहता हा नियम केवळ सरकारी हट्ट वाटेल, परंतु त्यामागे या प्राण्याच्या स्वभावाचे ज्ञान आहे. पॉसम आपल्या हद्दीला घट्ट चिकटून राहतो. त्याला अनोळखी रानात सोडले, तर तेथले जुने पॉसम त्याला थारा देत नाहीत, निवाऱ्याची ढोली मिळत नाही, आणि उघड्यावर भटकता भटकता तो कोल्ह्याच्या, मांजराच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी सापडतो. इकडे छपरातली जागा रिकामी झालेली पाहून थोड्याच दिवसांत दुसरा पॉसम तेथे मुक्कामाला येतो. म्हणजे दयेपोटी केलेल्या त्या कृत्याने एक जीव जातो आणि घरातला त्रास होता तेथेच राहतो.

खरा इलाज जास्त खटपटीचा आहे. दिवसा घराभोवती फिरून पन्हळीच्या आणि वाशांच्या कडेला तेलकट डाग, अडकलेले केस आणि नखांचे ओरखडे कोठे दिसतात ते पाहावयाचे. शंका येईल त्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर बसवून तो रात्रीतून बाहेर ढकलला जातो की काय याची खातरजमा करावयाची. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटावयाच्या. जवळच्या झाडावर लाकडाची एक पेटी उंच बांधून प्राण्याला पर्यायी घर द्यावयाचे. पोकळीत दिवसभर दिवा जळत ठेवून ती जागा त्याला नकोशी करावयाची. आणि मग एखाद्या संध्याकाळी तो चरावयास बाहेर पडला, आत पिलू राहिलेले नाही अशी खात्री झाली, की ते भोक फळी ठोकून किंवा जाड जाळी बसवून कायमचे बुजवावयाचे. प्राणी आपल्या हद्दीतच राहतो, रोज रात्री परसातली गुलाबाची कोवळी पालवीही खातो, फक्त माणसाच्या डोक्यावर झोपत नाही. या सगळ्या तजविजीत बदलावे लागते ते घर, आणि मला तरी या देशातील वन्यजीव-व्यवहाराचे सारे मर्म त्यात दिसते.

हाच पॉसम एकोणिसाव्या शतकात केसाळ कातड्याच्या व्यापारासाठी न्यूझीलंडमध्ये नेऊन सोडण्यात आला. तेथे त्याचे शत्रू नव्हते आणि तेथली झाडे त्याच्या दातांना तोंड देण्यास कधी शिकलेली नव्हती. तो पालवी ओरबाडू लागला, पक्ष्यांची अंडी खाऊ लागला, गुरांमध्ये क्षयरोग पसरवू लागला, आणि आज त्या देशाने 2050 पर्यंत त्याचे समूळ उच्चाटन करण्याचा संकल्प जाहीर केलेला आहे. समुद्राच्या एका तीरावर ज्याला धक्का लावणे हा अपराध, त्याचाच दुसऱ्या तीरावर नायनाट करणे हे राष्ट्रीय कर्तव्य. या दोन्ही निर्णयांना आपापल्या ठिकाणी सबळ कारणे आहेत, हे मी मान्य करतो. परंतु देशी आणि परका हा भेद कायद्याच्या कामाला कितीही आवश्यक असला, तरी उपद्रवाचे मूळ केवळ प्राण्याच्या जन्मभूमीत शोधून सापडत नाही. माणसाने जमिनीची, पाण्याची, झाडांची आणि कचऱ्याची जी मांडणी केली, तिच्यात ते पुष्कळदा सापडते. ऑस्ट्रेलियाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

मूळ रहिवासी प्राण्यांना संरक्षण ही कल्पना तेथे फार उशिरा रुजली. टास्मानिया बेटावर पाठीला पट्टे असलेला, लांडग्यासारखा दिसणारा, पण पोटपिशवीत पिले वाढवणारा थायलसीन नावाचा प्राणी होता. तो मेंढ्या मारतो अशी मेंढपाळांची तक्रार होती, आणि 1888 साली तेथील सरकारने प्रत्येक मारलेल्या प्रौढ प्राण्यामागे एक पौंड इनाम लावले. 1909 पर्यंत दोन हजारांहून अधिक इनामे दप्तरात नोंदली गेली. पुढे प्राणी दिसेनासा झाला, आणि 10 जुलै 1936 रोजी त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील शेवटचा ज्ञात थायलसीन त्याच वर्षी 7 सप्टेंबरला मरण पावला. संरक्षणाचा हुकूम आणि मृत्यू यांत 59 दिवसांचे अंतर होते. सरकारी कागद उशिरा पोहोचल्याची याहून दुःखद नोंद मला ठाऊक नाही.

तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात 1932 साली, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना दिलेल्या गव्हाच्या शेतांवर एमू पक्ष्यांचे हजारोंचे थवे उतरू लागले, तेव्हा कॅम्पियनच्या मुलखात दोन मशीनगनी आणि दहा हजार काडतुसे घेऊन एक लष्करी तुकडी रवाना करण्यात आली. पक्षी लहान लहान टोळ्यांत विखुरले, गोळ्यांच्या टप्प्यात राहिनात, आणि थोड्याच आठवड्यांत तुकडी माघारी बोलवावी लागली. या प्रसंगाची थट्टा पुष्कळ झाली आहे. मला त्यात कर्जाने आणि मंदीने गांजलेला शेतकरी दिसतो, आणि विणीनंतर पूर्वापार वाटेने किनाऱ्याकडे निघालेला, वाटेत आयतेच पाणी आणि पीक सापडलेला पक्षी दिसतो. शेवटी उपयोगी पडले ते कुंपणच.

आता परक्या प्राण्यांकडे वळू. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना ही भूमी उणी वाटे. ओळखीचा पक्षी गात नाही, ओळखीचा ससा झुडपातून पळत नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी 1861 साली व्हिक्टोरियात एक संस्थाच स्थापन झाली, आणि देशोदेशीचे पशुपक्षी जहाजांतून आणून येथे रुजवणे हे विद्वानांचे व प्रतिष्ठितांचे कार्य ठरले. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1859 च्या नाताळाच्या सुमारास, टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराकडे विंचेल्सी गावाजवळच्या बारवन पार्क या मळ्यावर इंग्लंडहून चोवीस ससे येऊन पोहोचले. शिकारीची हौस भागावी एवढाच त्यातला हेतू. मेंढ्यांनी गवत आखूड केलेली उघडी कुरणे, सौम्य हिवाळा आणि घटलेले भक्षक या सगळ्यांमुळे त्या सशांच्या वंशाने अर्धे खंड व्यापले. पश्चिम ऑस्ट्रेलियाने त्यांना थोपवण्यासाठी अठराशे किलोमीटरांहून लांब कुंपण घातले, ते 1907 साली पुरे झाले. पण काम चालू असतानाच ससे पलीकडे पोहोचलेले होते.

1950 साली मिक्झोमा नावाचा, केवळ सशांना मारणारा विषाणू रानात सोडण्यात आला, आणि डासांनी तो नद्यांच्या काठाकाठाने पसरवला. त्याच सुमारास माणसांतही मेंदूज्वराची साथ उद्भवली, तेव्हा लोकांना या विषाणूची धास्ती वाटू लागली. ती दूर करण्यासाठी फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनीस रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला आणि त्यापासून माणसाला अपाय नाही याची रुजुवात करून दिली. प्रारंभी बाधा झालेले शंभरातले जवळजवळ सारेच ससे मरत. परंतु काही वर्षांत विषाणू सौम्य झाला, जगलेल्या सशांची संतती काटक निघाली, आणि फेनर यांनी हा सारा फेरफार बारकाईने नोंदवून ठेवल्यामुळे रोग आणि रोगी एकमेकांना कसे घडवतात याचा तो एक अभिजात दाखला होऊन राहिला. नव्वदीत दुसरा विषाणू आला. ससे आजही आहेत.

महाराष्ट्रातील ऊस-बागायतदाराला जवळची वाटेल अशी हकीकत भेकांची आहे. हुमणीने उसाच्या मुळ्या कुरतडल्या म्हणजे उभे पीक कसे पिवळे पडून आडवे होते, हे त्याला सांगावयास नको. क्वीन्सलँडच्या उसालाही अशाच भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी ग्रासले होते, आणि त्यावर उपाय म्हणून 1935 साली तेथील ऊस-संशोधन खात्याने हवाई बेटांवरून सुमारे शंभर मोठे विषारी भेक आणून गॉर्डनव्हेलजवळच्या केंद्रात त्यांची पैदास केली आणि पिले शेतांत सोडली. वॉल्टर फ्रॉगॅट नावाच्या वृद्ध कीटकशास्त्रज्ञाने या योजनेला विरोध केला होता. तो मानला गेला नाही. अळी जमिनीच्या पोटात राहते आणि भुंगा उंच पानांवर बसतो. भेक खणूही शकत नाही आणि चढूही शकत नाही, त्यामुळे ज्या कीटकासाठी त्याला आणले त्याच्या वाटेला तो फारसा गेलाच नाही. तो मिळेल ते इतर काहीही खात, पाण्यापाण्यातून हजारोंनी अंडी घालीत, उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे सरकत राहिला. शास्त्रज्ञांना असेही आढळले आहे की या आगेकूच करणाऱ्या फळीतल्या भेकांचे पाय मागे राहिलेल्यांपेक्षा लांब असतात, कारण पुढच्या पाणथळीवर जे आधी पोहोचतात त्यांचीच पिले तेथे वाढतात.

हानी झाली ती त्याला गिळणाऱ्यांची. अंडे, बेडकुळी, प्रौढ, प्रत्येक अवस्थेत या भेकाच्या अंगी विष असते, आणि ज्या खंडात भेक हा प्राणीच नव्हता तेथील घोरपडींना, सापांना आणि क्वोल या ठिपकेदार मांसाहारी प्राण्याला त्याची कल्पना असणे शक्य नव्हते. पहिलाच घास शेवटचा ठरे. येथे एक आशादायक प्रयोग झाला आहे, आणि त्यात मूळ रहिवासी जमातींच्या वनरक्षकांचा मोठा हात आहे. किंबर्ली प्रदेशात मोठ्या भेकांची फळी येऊन पोहोचण्यापूर्वीच तेथे भेकांची लहान पिले मुद्दाम सोडण्यात आली. घोरपड असे पिलू खाते, त्यातल्या अल्प विषाने तिला मळमळते, ती आजारी पडते, पण मरत नाही. आणि पुढे मोठा भेक समोर आला तरी त्याला तोंड लावीत नाही. असा धडा मिळालेल्या ठिकाणी घोरपडी टिकल्या, न मिळालेल्या ठिकाणी त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. भेक हटवणे आता कोणाच्याही हाती उरलेले नाही, पण त्याच्याबरोबर जगण्याची विद्या घोरपडीला शिकवता येते, हे ओळखण्यात जी नम्रता आहे ती मला 1935 च्या आत्मविश्वासापेक्षा फार मोलाची वाटते.

शहरांकडे परत यावे तर तेथे हे शिकणे दोन्ही बाजूंनी चाललेले दिसते. सिडनीतील पिवळ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा चाकांच्या कचरापेटीचे झाकण उघडतो, तेव्हा तो आधी पेटीच्या पुढच्या कडेवर बसून चोचीने झाकणाची कड उचलतो, ती चोचीत किंवा पायात धरून ठेवून कडेकडेने एकेक पाऊल टाकीत बिजागरीकडे सरकतो, आणि झाकण पुरेसे उभे झाले की त्याला मागे लोटून देतो. मग सारा थवा आतल्या पावाच्या तुकड्यांवर तुटून पडतो. बार्बरा क्लम्प, लुसी अ‍ॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार 2018 पूर्वी ही युक्ती सिडनीच्या अवघ्या तीन उपनगरांतील पक्ष्यांना अवगत होती. 2019 च्या अखेरीस ती चव्वेचाळीस उपनगरांत पोहोचली होती, आणि जवळच्या वस्तीतून दूरच्या वस्तीत ती ज्या क्रमाने गेली त्यावरून पक्षी ती एकमेकांचे पाहून शिकतात हे सिद्ध झाले. उपनगरागणिक उघडण्याची धाटणीही किंचित निराळी. रहिवाशांनी झाकणावर विटा ठेवल्या, पक्ष्यांनी त्या ढकलून पाडल्या. मग कोणी दोऱ्या बांधल्या, कोणी बिजागरीत जुने पायताण खुपसले, आणि हे उपायही शेजाऱ्याचे पाहून शेजारी, असेच गल्लीगल्लीतून पसरत गेले, असे त्याच अभ्यासकांनी पुढच्या वर्षी दाखवून दिले. काकाकुवा संरक्षित आहे, कचरा माणसाचा आहे. तेव्हा झाकणाचा बंदोबस्त करणे हाच मार्ग उरतो.

कचऱ्यावरच पोसला जाणारा दुसरा पक्षी म्हणजे काळ्या मानेची पांढरी शराटी, आपल्याकडच्या तळ्याकाठच्या पांढऱ्या शराटीची सख्खी बहीण शोभेल अशी. शहरी लोक तिला घाणेरडी म्हणून हिणवतात, याचे मला वाईट वाटते. खंडाच्या अंतर्भागातील विस्तीर्ण दलदली हे तिचे माहेर. नद्यांवर धरणे बांधून पाणी शेतीकडे वळवले गेले, त्यात अवर्षणे आली, दलदली सुकल्या, आणि 1970 नंतरच्या दशकांत हे पक्षी पोट भरण्यासाठी किनाऱ्यावरच्या शहरांत आले. उद्यानातल्या बाकाशेजारी सांडलेले तुकडे वेचणारी शराटी म्हणजे पाण्याच्या वाटपात जिचा हिस्सा कोणी धरलाच नाही अशी विस्थापित आहे. तिच्या घरट्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी काही नगरपालिका परवाना घेऊन अंडी निकामी करतात. तो इलाज सौम्य आहे, पण दलदलीत पाणी सोडण्याचा इलाज अधिक न्याय्य आहे.

वटवाघळांची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तेथे तक्रारही खरी असते. करड्या डोक्याची ही मोठी वटवाघळे हजारोंच्या संख्येने एका जागी लटकतात, तेथील झाडांची पालवी झडते, दर्प आणि कोलाहल असह्य होतो. सिडनीच्या वनस्पती-उद्यानातील जुने दुर्मीळ वृक्ष त्यांच्या भाराने मरू लागले, तेव्हा 2012 साली पहाटे आणि संध्याकाळी मोठ्याने आवाज वाजवून त्यांना तेथून उठवण्यात आले. पण ही जात स्वतः संकटात आहे, आणि एका रात्रीत दूरवर उडून ती निलगिरीच्या फुलांचे परागण करते, बिया पसरवते. ती गेली तर रानाचे नवे पीक थांबेल. उष्णतेच्या लाटेत तापमान बेचाळीस अंशांपलीकडे गेले की ही वटवाघळे झाडांवरून टपटप पडून मरतात. 2018 च्या नोव्हेंबरात केर्न्सच्या परिसरात त्यांच्याच चष्मेवाल्या भाईबंदांपैकी तेवीस हजार दोन दिवसांत मेली. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये, असे तेथे प्रत्येक मुलाला शिकवतात, कारण त्याच्या चाव्यातून अलर्कासारखा प्राणघातक विषाणू येऊ शकतो. लस घेतलेले स्वयंसेवक बोलवावे लागतात, आणि ते मध्यरात्रीही येतात. रस्त्यात मेलेल्या कांगारूच्या पोटपिशवीत जिवंत पिलू आहे का ते पाहणारे, सापडल्यास ते उबदार कापडात गुंडाळून महिनोन्महिने वाढवणारे हेही असेच सामान्य लोक. या निरपेक्ष सेवेविषयी मला मनापासून आदर आहे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत मॅगपाय हा काळापांढरा, सुरेल गळ्याचा पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्या पादचाऱ्यावर आणि विशेषतः सायकलस्वारावर झेप घेतो. जखमा होतात, डोळ्याला इजा होते, पडून मृत्यूही घडलेले आहेत. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातील डॅरिल जोन्स यांनी या पक्ष्याचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यावरून कळते की असे हल्ले फक्त नर करतात, तेही दहांतला एखादाच, आणि घरट्यात पिले असतील तेवढे आठवडे. पक्षी माणसांचे चेहरे ओळखतो आणि वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. ज्याच्याशी त्याचे वैर नाही त्याला तो हात लावीत नाही. म्हणून सायकलवरून उतरून चालावे, तेवढे दिवस दुसरा रस्ता धरावा आणि दगड मारू नये, एवढ्यावर बहुतेक प्रकरण मिटते.

आता त्या पाखराकडे येतो, ज्याच्यासाठी मी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला. आपली साळुंकी, पिवळ्या चोचीची, डोळ्याभोवती हळदीचा पट्टा असलेली, दारात कलकलाट करणारी साळुंकी, मेलबर्न आणि सिडनीच्या रस्त्यांवर जिकडेतिकडे दिसते, आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाला ती पाहून क्षणभर माहेरचे कोणी भेटल्यासारखे होते. तेथील लोक मात्र तिला देशातील सर्वांत नकोशा पक्ष्यांत गणतात. तिला 1862 साली भाजीपाल्याच्या मळ्यांतील किडे खावे म्हणून हिंदुस्थानातून मेलबर्नला आणले, 1883 साली उसावरच्या किडींसाठी उत्तर क्वीन्सलँडमध्ये नेले, आणि कॅनबेरात तर ती 1968 साली सोडली गेली. आली ती स्वतःहून नव्हे. कोणी तरी पिंजऱ्यात घालून नेली.

तिच्यावरचा आरोप असा की ती झाडांच्या ढोली बळकावते. हा आरोप समजून घेण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे: ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाही. ढोली कोरणारा कोणीच नसल्यामुळे, वादळात फांदी मोडावी, जखमेत बुरशी व वाळवी शिरावी, वणव्याने ती आणखी पोखरावी, अशा क्रमाने निलगिरीच्या खोडात पोकळी तयार होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. रोझेला पोपट, काकाकुवा, उडते शुगर ग्लायडर, घुबडे, शेकडो जाती या पोकळ्यांवर विसंबून आहेत. कॅनबेरातील पक्षीनिरीक्षकांनी आपापल्या बागांत सुमारे तीन दशके केलेल्या नोंदींवरून तेथील राष्ट्रीय विद्यापीठातील अभ्यासकांनी 2012 साली असे दाखवले की साळुंकी आल्यानंतर तांबड्या रोझेलासारख्या ढोलीत घरटे करणाऱ्या आणि काही लहान पक्ष्यांच्या संख्येवर विपरीत परिणाम झाला. 2006 पासून त्या शहरात नागरिकांचा एक गट परसात सापळे लावून साळुंक्या पकडतो आणि शक्य तितक्या कमी यातना देऊन मारतो.

हे वाचताना मराठी मन चरकते, आणि ते चरकावे असेच मला वाटते. जो देश आपल्या अंगणातल्या पाखराला मारताना बेचैन होत नाही त्याच्या हाती संरक्षित पाखरेही फार काळ सुरक्षित राहणार नाहीत. तरीही रोझेलाची पिले ढोलीतून बाहेर फेकली जात असताना केवळ ओळखीच्या प्रेमापोटी साळुंकीची वकिली करणे हाही अन्याय आहे. माझे मत असे की जेथे पक्ष्यांची गणना आधी आणि नंतर प्रामाणिकपणे केली जाते, आणि पकडण्याने देशी पक्षी खरोखर सावरतात असे दिसते, तेथे हे कठोर कर्म करण्याचा त्या समाजाला अधिकार आहे. जेथे केवळ परकेपणाच्या रागाने सापळे लागतात तेथे नाही. त्याच विद्यापीठातील पुढच्या अभ्यासांत असेही आढळले की झाडांची दाटी वाढते तसतशी साळुंकी विरळ होते. तिला हिरवळीचे आखूड मैदान, सांडलेले अन्न आणि इमारतींच्या फटी हव्यात. म्हणजे उपनगर हवे. ज्या ठिकाणी रान शाबूत आहे तेथे तिची डाळ शिजत नाही.

याचीच दुसरी बाजू एका देशी पक्ष्यात दिसते. नॉइझी मायनर हा करडा, पिवळ्या चोचीचा, डोळ्यामागे पिवळा डाग असलेला मध खाणारा पक्षी दुरून साळुंकीसारखा भासतो, आणि सापळा लावणाऱ्यांना दोहोंतला फरक आधी शिकवावा लागतो, कारण हा कायद्याने संरक्षित आहे. परंतु रान तुटून त्याचे लहान लहान तुकडे उरले, झुडुपे साफ करून मोठी झाडे तेवढी ठेवली, की हा पक्षी टोळीने त्या तुकड्याचा ताबा घेतो आणि इतर सर्व लहान पक्ष्यांना हाकलून बेदखल करतो. 2014 साली केंद्र सरकारने त्याची ही दांडगाई वन्यजीवांना असलेल्या प्रमुख धोक्यांच्या यादीत घातली. संरक्षित पक्षी आणि नोंदलेला धोका, दोन्ही एकच. त्याला मारण्याचेही प्रयोग झाले. पुष्कळ ठिकाणी रिकाम्या जागी आसपासचे दुसरे थवे लगोलग येऊन बसले. जेथे खालची दाट झुडुपे पुन्हा लावली तेथे लहान पक्ष्यांना लपावयास जागा मिळाली.

म्हणून आता पुष्कळ ठिकाणी काम चालले आहे ते ढोलींचे. न्यू साउथ वेल्सने ढोली असलेल्या जुन्या वृक्षांचा ऱ्हास हा 2007 साली प्रमुख धोका म्हणून जाहीर केला. शेतात एकटा उभा असलेला, अर्धा वाळलेला निलगिरी, जो पूर्वी जळणासाठी पहिल्याने तोडला जाई, तो जाणते शेतकरी आता राखून ठेवतात. झाडांवर चढण्यात निष्णात असलेले लोक यांत्रिक करवतीने खोडात पोकळ्या कोरतात आणि तोंडावर तुकडा बसवून कोणत्या जातीसाठी किती रुंदीचे दार ठेवावयाचे ते ठरवतात. बागांतून लाकडी घरट्यांच्या पेट्या टांगतात. त्यांतल्या काहींच्या दारासमोर थोडे अंतर सोडून एक आडवी फळी ठोकलेली असते. पोपट खोडाला नखांनी धरून फळीमागून बाजूने चढत आत शिरतो. साळुंकीला सरळ उडत येऊन दारात उतरण्याची सवय, तिला ते अवघड जाते. या पेट्या काही वर्षांत कुजतात, मधमाश्या त्यांत पोळे करतात, झाकणे निखळतात. दर विणीपूर्वी कोणाला तरी शिडी घेऊन त्या उघडून पाहाव्या लागतात, आणि जवळच लावलेल्या निलगिरीच्या रोपाला स्वतःची ढोली येईपर्यंत, म्हणजे आणखी शतकभर, हे काम पिढ्यांनी पिढ्यांना सोपवीत राहावे लागणार आहे.